‘कर्ज निम्मं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न : पुण्यात धायरीत आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. कर्ज माझ्या आणि मिस्टरांच्या नावावर, सासरे जामीनदार. मिस्टरांची नोकरी गेल्यापासून चार हप्ते थकले. आता बँकेची ‘कलम १३(२)’ अशी नोटीस आली आहे. बाकी ३४ लाख, हप्ता ३४ हजारांच्या आसपास, अजून पंधरा वर्षं राहिलीत. बाणेरच्या एका ‘लोन सेटलमेंट’ कंपनीचा फोन आला. ते म्हणतात, आरबीआयच्या योजनेत कर्ज निम्म्यावर आणून देतो. फी ४५ हजार, शिवाय वाचलेल्या रकमेच्या १५ टक्के. बँकेला उत्तर देऊ नका, हप्ता भरू नका, बँकेचे फोन आमच्याकडे वळवा, असं सांगितलंय. १५ हजार यूपीआयनं देऊन झाले. आता स्टॅम्प पेपरवर सह्या आणि दोन कोरे चेक मागताहेत. असं खरंच होतं का? खोटं असेल तर आता काय करू?

उत्तर :

ताई, सह्या करू नका आणि चेक देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

माझी सगळी नोकरी बँकेच्या वसुली विभागात गेली. आता निवृत्तीनंतर थकलेल्या लोकांचे कागद वाचून देतो, अर्ज लिहून देतो. त्यामुळे बँक आतून कसा विचार करते हेही माहीत आहे आणि ही सेटलमेंटवाली मंडळी कुठे खोटं बोलतात हेही.

तुमच्यासारख्या प्रकरणात गृहकर्जाचं मुद्दल निम्मं होत नाही. हिशेब साधा आहे. धायरीतल्या तुमच्या फ्लॅटचे आज ५५ लाख येतील असं धरू. बँकेचे येणे ३४ लाख. तारण ५५ लाखांचं हातात असताना बँक १७ लाखांवर पाणी का सोडेल? क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोनमध्ये बँकेकडे जप्त करायला काही नसतं, म्हणून दोन-तीन वर्षं थकलेलं खातं ती कधी कधी निम्म्या-पाऊण रकमेवर मिटवते. ही मंडळी तिथले निकाल दाखवून गृहकर्जवाल्याला भुलवतात. त्यांच्या मोबाइलमधली ती ‘सेटलमेंट लेटर्स’ नीट बघा, बहुतेक कार्डाची असतील, आणि खातं क्रमांक झाकलेला असेल.

बँका तडजोड करतच नाहीत असं नाही. जून २०२३ मध्ये आरबीआयनं तडजोडीबद्दल सगळ्या बँकांना एक चौकट घालून दिली, आणि प्रत्येक बँकेचं त्यासाठी संचालक मंडळानं मंजूर केलेलं धोरण असतं. पण ती वाट जुन्या, कुजलेल्या खात्यांची. बिल्डरनं इमारत अर्धवट टाकली, मालकीचा वाद कोर्टात अडकला, कर्जदार गेला आणि मागे कमावणारं कोणी नाही, अशी. तिथेही आधी सुटतात ते दंड आणि थोडं व्याज. मुद्दलाला हात लावताना मॅनेजरच काय, त्याच्या वरचाही दहादा विचार करतो, कारण उद्या ऑडिटमध्ये त्यालाच उत्तर द्यायचं असतं. तुमचं खातं तर आत्ता कुठे एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, झालंय.

मग खरी सवलत केवढी मिळते? आकड्यातच बघा. ३४ लाख, व्याज पावणेनऊ टक्के, मुदत पंधरा वर्षं : हप्ता ३३,९८१ रुपये. बँकेनं मुदत पंचवीस वर्षं केली तर तोच हप्ता २७,९५३ होतो. म्हणजे महिन्याला सहा हजारांचा दिलासा. तोही फुकट नाही, शेवटपर्यंत कर्ज चालवलंत तर एकूण व्याज २२-२३ लाखांनी वाढतं. नोकरी पुन्हा लागल्यावर हप्ता वाढवून घ्यायचा असतो तो यासाठीच. शिवाय मुदत वाढवताना बँक तुमची वयं बघते. मिस्टर पंचेचाळिशीचे असतील तर पंचवीस वर्षं मिळणारही नाहीत. सहा हजारांचा दिलासा आणि सतरा लाखांची माफी यांत किती अंतर आहे ते बघा. त्या अंतरातच या लोकांचा धंदा चालतो.

‘आरबीआयची योजना’ म्हणजे कुठली, हे त्यांना लेखी विचारा. कोविडच्या काळात दोन आल्या होत्या, एक ऑगस्ट २०२० मध्ये आणि दुसरी मे २०२१ मध्ये. दुसरीत अर्ज मान्य करून घ्यायची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. त्याआधीचा मोरेटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, मार्च ते ऑगस्ट २०२० एवढाच होता. त्या परिपत्रकांची पहिली पानं अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताहेत, तारखेची ओळ कापून. उलट ११ डिसेंबर २०२३ ला खुद्द आरबीआयनं पत्रक काढून लोकांना सावध केलं होतं : काही संस्था कसलाही अधिकार नसताना ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ देण्याच्या नावाखाली फी उकळताहेत, कर्ज फेडायची गरज नाही असं सांगताहेत, त्यांना बळी पडू नका. ‘आमची कंपनी रजिस्टर्ड आहे’ यानंही फसू नका. कंपनी कोणीही नोंदवू शकतो, उद्यम नोंदणी तर घरबसल्या फुकट होते. त्यातून कोणाला तुमचं कर्ज कमी करायचा अधिकार मिळत नाही.

अमेरिकेत २००८ च्या घरकर्जांच्या पडझडीनंतर असल्या कंपन्यांचं पेवच फुटलं होतं. तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१० साली नियम केला की बँकेचा लेखी प्रस्ताव कर्जदाराच्या हातात पडून त्यानं तो मान्य करेपर्यंत मध्यस्थानं एक डॉलरही घ्यायचा नाही. तुम्ही हाच नियम स्वतःपुरता लावून त्यांना विचारा : बँकेचं पत्र आणा, मग फी देते. पुढचा फोन येतो का बघा.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला वाटतंय की जास्तीत जास्त ४५ हजार बुडतील. ते परवडले एक वेळ. ही माणसं तुमचे दिवस खातात, आणि तुमच्या नोटिशीत दिवसांनाच किंमत आहे.

१३(२) ची नोटीस म्हणजे २००२ च्या सरफेसी कायद्याखालची मागणी; कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणारा हा कायदा. नोटिशीच्या तारखेपासून साठ दिवस तुमचे. या साठ दिवसांत तुम्ही लेखी हरकत किंवा निवेदन दिलंत, तर बँकेला ते वाचून पंधरा दिवसांत सकारण उत्तर द्यावंच लागतं, कलम १३(३-ए). हे निवेदन म्हणजे फुकटात मिळालेली सुनावणी आहे. ‘बँकेला उत्तर देऊ नका’ हा सल्ला नेमका हीच संधी घालवतो. साठ दिवस उलटले की बँक १३(४) खाली ताबा घेते. आधी कागदोपत्री : दारावर नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक मराठी. नाव, पत्ता, रक्कम, सगळं. त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तिथून पंचेचाळीस दिवसांत शिवाजीनगरला डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तोही वेळ गेला की प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते, पोलीस बंदोबस्त मिळतो, आणि मग तीस दिवसांच्या नोटिशीनं लिलाव.

यात एक पायरी फार थोड्यांना माहीत असते. बँकेचं सगळं येणं भरून घर सोडवून घ्यायचा हक्क पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत असायचा. २०१६ च्या दुरुस्तीनं तो लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापर्यंतच ठेवला, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. म्हणजे जाहिरात छापून आल्यावर तुमच्या भावानं पैसे आणून ठेवले तरी बँक नाही म्हणू शकते.

कंपनी ‘स्टे आणून देतो’ असंही म्हणाली असेल. अजून म्हणाली नसेल तर म्हणेल. नुसत्या १३(२) च्या नोटिशीवर डीआरटीत जाता येत नाही. बँकेनं १३(४) खाली पाऊल उचलल्यावरच दार उघडतं. आणि कलम ३४ नं या बाबतीत दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद केलाय. आज स्टे आणतो म्हणणाऱ्याला एक तर कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही याची त्याला खात्री आहे.

‘आमचे वकील आहेत’ यावरही थोडं बोलतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करून अशील गोळा करता येत नाही, आणि निकालावर टक्केवारी घेता येत नाही. तुमच्याकडे फोन करून आलेला, इन्स्टाग्रामवर रील टाकणारा आणि वाचलेल्या रकमेचे १५ टक्के मागणारा वकील खरा असेल तर तो नियम मोडतोय, नसेल तर विषयच संपला. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा सनद क्रमांक मागा. खरा वकील तो लेटरहेडवर छापून फिरतो.

स्टॅम्प पेपरकडे येऊ, कारण मला खरी धास्ती त्याची आहे. अशा करारांचा साचा मी पुष्कळदा पाहिलाय. पाचशेचा स्टॅम्प, वर ‘सल्ला सेवा करारनामा’. पहिली दोन-तीन पानं निरुपद्रवी : सेवा, फी, गोपनीयता. चौथ्या-पाचव्या पानावर, बारीक टायपात, एक परिच्छेद असतो की ‘लिहून देणार हे लिहून घेणार यांना सदर मिळकतीसंबंधी बँक, सोसायटी, दुय्यम निबंधक व इतर सर्व कार्यालयांत अर्ज, करार, साठेखत, खरेदीखत करण्याचे, मोबदला स्वीकारण्याचे व पावती देण्याचे अधिकार देत आहेत’. ‘साठेखत, खरेदीखत’ आणि ‘मोबदला स्वीकारण्याचे’ हे शब्द दिसले की समजायचं, हे कुलमुखत्यारपत्र आहे, सल्ल्याचा करार नव्हे. कर्जाबद्दल बँकेशी बोलायला फ्लॅट विकायचा अधिकार कशाला लागतो?

त्याची पुढची पायरी म्हणजे ‘आमचा एक इन्व्हेस्टर आहे, तो बँकेची थकबाकी भरेल, फ्लॅट तात्पुरता त्याच्या नावावर करू, दोन वर्षांनी परत’. मग हवेलीच्या सहदुय्यम निबंधकांच्या ऑफिसात तुमचा फोटो आणि अंगठा होतो, आणि ‘परत देण्याचा’ कागद मात्र नोटरीकडचा किंवा नुसता तोंडी. याला आपल्याकडे जुनं नाव आहे, सावकारी. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली अशा व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था करू शकतात, आणि खरेदीखत सावकारीपोटी झाल्याचं सिद्ध झालं तर मिळकत परतही मिळते. पण वर्षं जातात, चपला झिजतात.

तुम्ही अजून सही केलेली नाही हे फार बरं झालं. वाचणाऱ्यांपैकी कोणी केली असेल तर : कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याचा दस्त करा (मूळ नोंदवलेलं असेल तर रद्दही नोंदवून), त्याची प्रत रजिस्टर पोस्टानं त्या कंपनीला, बँकेला आणि सोसायटीला पाठवा, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. त्या पत्रात ‘मोबदला मिळाला’ असं कुठे लिहिलेलं असेल तर मात्र आधी वकिलाला दाखवा, ते रद्द करणं इतकं सरळ नसतं. फ्लॅटवर काही दस्त झालाय का हे नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, काढून बघता येतं.

आता तुम्ही या आठवड्यात काय करायचं.

फोन वळवला असेल तर आधी ते फॉरवर्डिंग बंद करा. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल बदलून त्यांचा घातला असेल तर शाखेत जाऊन आपला परत लावा. हे किरकोळ वाटतं, पण बँकेचं उत्तर आणि ताब्याची पूर्वसूचना भलतीकडे जाऊन पडलेली मी पाहिली आहे. चेक दिला असता तर स्टॉप पेमेंट करायला लागलं असतं. तुमच्या बाबतीत ते वाचलं. आधार-पॅनच्या प्रती गेल्या असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि महिन्याभरानं सिबिल रिपोर्ट काढून नवं कर्ज कोणी उचललंय का ते बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

गेलेल्या १५ हजारांसाठी १९३० वर फोन करा, किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, कंपनीचे मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. पैसे जितके ताजे तितकी ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त, आठवडा उलटला असेल तर फार आशा ठेवू नका. तरी तक्रार करा, कारण तिचा क्रमांक पुढे ग्राहक आयोगात कामी येतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे फी नाही. पोलीस ‘हा तर तुमचा आपसातला करार, दिवाणी मामला’ म्हणतील. तेव्हा आरबीआयच्या योजनेचं खोटं नाव घेतलेला मेसेज पुढे करा. फसवणूक तिथे आहे. आणि काही दिवसांनी ‘तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, थोडी प्रोसेसिंग फी’ असा फोन आला, तर तो त्यांचाच भाऊबंद समजा.

पण या १५ हजारांच्या मागे पळताना नोटिशीचं उत्तर राहून जाऊ देऊ नका. बँकेला पत्र लिहा. नोटिशीवर सही असलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावानं, प्रत शाखाधिकाऱ्यांना. दोन्हीकडे पोच घ्या, शिवाय स्पीड पोस्ट. वकिली भाषा नको, असं लिहा :

‘आपली दिनांक अमुकची कलम १३(२) ची नोटीस आम्हाला अमुक तारखेस मिळाली. कलम १३(३-ए) अन्वये हे निवेदन देत आहोत. माझ्या पतीची नोकरी अमुक महिन्यात गेल्याने चार हप्ते थकले. त्यापूर्वीचे सर्व हप्ते नियमित आहेत. सध्या माझा पगार अमुक असून आम्ही दरमहा अमुक इतकी रक्कम भरू शकतो व आजच अमुक रुपये भरत आहोत. विनंती : (१) थकबाकीचा मुद्दल, व्याज व दंड असा वेगळा हिशेब द्यावा, (२) दंडाची रक्कम माफ करावी, (३) मुदत वाढवून हप्ता कमी करावा अथवा आपल्या धोरणानुसार पुनर्रचना करावी, (४) उत्तर लेखी मिळावे.’

सोबत नोकरी गेल्याचं पत्र, तुमच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मिस्टरांच्या मुलाखती चालू असतील तर त्याचे ईमेल. बँकेला दया येत नसते, तिला हप्ता कुठून येणार ते कागदावर दिसावं लागतं. ‘आजच अमुक रुपये भरत आहोत’ ही ओळ पत्रातली सगळ्यात वजनदार. पाच हजार का असेनात, भरा. पैसे भरताना फक्त तुमच्या कर्ज खात्यात, बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा काउंटरवर पावती घेऊन. ‘वसुली विभागातून बोलतोय, या क्यूआरवर टाका’ म्हणणाऱ्याला नाही. खऱ्या एजंटकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असतं, आणि सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर त्यानं वसुलीचा फोन करायचा नाही असा आरबीआयचा दंडक आहे. बँकांच्या वेबसाइटचे पत्तेही आता ‘डॉट बँक डॉट इन’ नं संपतात; दुसऱ्या कुठल्या लिंकवर आपली माहिती भरू नका.

हिशेब वेगळा मागायचं कारण असं की, आरबीआयच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं दंडावर पुढे व्याज चढवायला मनाई केली आहे. दंड किती लागला हे दिसलं की तो माफ करून मागता येतो, आणि शाखेच्या पातळीवर सगळ्यात सहज सुटतो तोच.

आतली गोष्ट सांगतो. शाखाधिकारी पुनर्रचनेला लगेच हो म्हणणार नाही, कारण पुनर्रचना झालेल्या खात्यावर बँकेला जास्त तरतूद करावी लागते, म्हणजे बुडतील या हिशेबानं पैसे बाजूला ठेवावे लागतात, आणि त्याचे रिपोर्ट वर जातात. थकबाकी सगळी भरून घ्यायला मात्र तो एका पायावर तयार असतो. एनपीए झालेलं खातं पुन्हा नियमित होतं ते मुद्दल-व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्यावरच, एखाद-दुसरा हप्ता भरून नाही. तुमची थकबाकी चार हप्त्यांची, साधारण १ लाख ३६ हजार अधिक दंड. पाचवा चढायच्या आत ही रक्कम उभी करता आली, तर नोटिशीचा प्रश्नच मिटतो, आणि मग मुदत वाढवायचं बोलणं तुम्ही नियमित खातेदार म्हणून करता. त्या खुर्चीत बसून बोलणं फार वेगळं असतं. मिस्टरांचा पीएफ, एखादी एफडी, दागिने, काय आहे ते मांडून बघा. सोन्यावर कर्ज काढायचं तर नवी नोकरी हातातोंडाशी आली असेल तरच काढा. नाहीतर घराचा हप्ता थकतोच आणि बांगड्याही जातात.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा हिशेबात घोळ दिसला, तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, मध्यस्थाशिवाय, माहितीसाठी १४४४८. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या तक्रार पोर्टलवर. मात्र लोकपाल बँकेला ‘यांचा हप्ता कमी करा’ असा हुकूम देत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय. चुकीचे चार्जेस, उत्तर न देणं, एजंटचा त्रास यासाठी त्याच्याकडे जायचं. आणि लोकपालाकडे तक्रार केली म्हणून साठ दिवसांचं घड्याळ थांबत नाही.

वकील लागलाच तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो; १९८७ च्या कायद्याचं कलम १२. तुम्ही सहकर्जदार आहात, अर्ज तुमच्या नावानं करा. हेल्पलाइन १५१००. डीआरटीची फीही काही डोंगराएवढी नाही : कर्जदारानं अर्ज केला आणि येणे दहा लाखांच्या वर असेल तर पाच हजार, अधिक दहा लाखांवरच्या प्रत्येक लाखाला अडीचशे. तुमचे ३४ लाख धरले तर अकरा हजार. ‘कोर्ट फी’ म्हणून कोणी ऐंशी हजार मागितले तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, तिथे फी नाही आणि बँकेचा माणूस मिटवायच्या तयारीनं आलेला असतो.

सहकारी बँकेचं कर्ज असलेल्यांसाठी दोन ओळी. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे यात वाद उरलेला नाही. पतसंस्थेचं तसं नाही, तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला येतो, पायऱ्या वेगळ्या. पण नागरी बँकांमध्ये एकरकमी परतफेडीच्या योजना खरोखर निघतात. त्यांची माहिती बँकेच्या मुख्य कार्यालयात फुकट मिळते, एजंटाकडून विकत घ्यावी लागत नाही.

आता एक कटू बोलतो. मिस्टरांना सहा महिने नोकरी लागायची चिन्हं नसतील, तर फ्लॅट तुम्ही स्वतः विका. बँकेला सांगून, तिच्याकडून थकबाकीचं पत्र घेऊन, खरेदीदाराच्या बँकेकडून थेट तुमच्या कर्ज खात्यात पैसे जातील असा व्यवहार करून. पुण्यात हे रोज होतं. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड वैयक्तिक कर्जदाराला लागत नाही, आणि कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार, असा आरबीआयचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. ५५ लाखांत विकून ३५-३६ लाख फेडले तर एकोणीस-वीस लाख हातात राहतात. लिलावात भाव पडतो. उरलेले पैसे कायद्यानं तुमचेच असले तरी उरतात किती हा प्रश्न. घर विकायचं म्हटलं की लोक माझ्यावर चिडतात. चिडा, पण हा आकडा कागदावर मांडून मिस्टरांना दाखवा.

सासऱ्यांची तुम्हाला काळजी असणार. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक त्यांनाही नोटीस पाठवू शकते. त्यांना आजच सगळं सांगा. त्यांची पेन्शन ज्या खात्यात येते ते याच बँकेत आहे का तेही बघा. आणि ती बाणेरची कंपनी त्यांना स्वतंत्रपणे फोन करेल. वयस्कर माणूस घाबरला की ओटीपीही देतो आणि सहीही करतो.

सिबिलचं विचारलं नाहीत, पण विचाराल. चार हप्ते थकल्याची नोंद झालेलीच आहे, ती कोणी ‘क्लीन’ करून देत नाही. थकबाकी भरलीत तर तीच नोंद महिन्यागणिक मागे पडत जाते. ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं, असा शिक्का बसला तर मात्र पुढचा प्रत्येक बँकवाला त्यावर बोट ठेवतो.

नोटिशीवर कोणती तारीख आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती तारीख बघा, त्यात साठ दिवस मिळवा, आणि पत्र त्याच्या निदान वीस दिवस आधी बँकेत पोचेल असं बघा.